मेहुण्याबरोबर भागीदारी करण्याआधी

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे. पहिली नोकरी साहेबांच्या राजकारणामुळे सोडली. दुसरीत सहकाऱ्याने माझ्या कामाचं श्रेय लाटलं. मग मित्राबरोबर भागीदारीत व्यवसाय केला, तो त्याच्या बेजबाबदारपणामुळे दीड वर्षात बुडाला. आता मेहुण्याबरोबर नवीन काहीतरी सुरू करायचं चाललं आहे. परवा बायको म्हणाली, ‘दर वेळी दुसऱ्याचंच कसं चुकतं?’ तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे. तिला माझी बाजू कशी पटवून देऊ? तुमचं उत्तर तिला वाचायला देणार आहे.

उत्तर : तुमचं मूळ पत्र चांगलं चार पानी आहे, इथे त्याचा सारांशच देता आला. त्या चार पानांत साहेब, सहकारी, मित्र, वडील, मोठा भाऊ, झालंच तर बाजारातली मंदी, सगळ्यांची झाडाझडती आहे. तुम्ही स्वतः मात्र त्यात फारसे सापडत नाही. एकाच ठिकाणी सापडलात. ‘हिशेबाची वही मी कधी उघडली नाही, ते त्याचं खातं होतं,’ असं लिहून पुढच्याच ओळीत तुम्ही मित्राच्या उधळेपणावर घसरलात.

मित्र उधळ्या असेल, मी नाही म्हणत नाही. पण कर्जाच्या कागदांवर दोघांच्या सह्या होत्या, हेही तुम्हीच लिहिलंय. महिन्यातून एकदा ती वही बघितली असती तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळती लक्षात आली असती. व्यवसाय कदाचित तरीही बुडाला असता, पण एवढं कर्ज अंगावर घेऊन नाही. पहिल्या नोकरीतही तेच. काम का रखडलं हे साहेबांनी दोनदा लेखी विचारलं आणि तुम्ही ‘मुद्दामच’ उत्तर दिलं नाही. मग राजकारण एकट्या साहेबांनी केलं असं कसं म्हणायचं?

अंगण वाकडं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी तुम्हाला बसवत नाहीये. तुमच्या वाट्याला आलेली अंगणं खरंच थोडी वाकडी होती. दुसऱ्या नोकरीत सहकाऱ्याने तुमचा अहवाल स्वतःच्या नावावर खपवला, तो सरळसरळ अन्याय आहे. त्यात उगाच आपली चूक हुडकत बसू नका.

तुमच्या पत्रात मित्राला उशीर झाला की तो बेफिकीर असतो आणि तुम्हाला झाला की घरात आजारपण असतं. असं करणारे तुम्ही पहिले नाही. स्वतःच्या वागण्याचं कारण माणूस परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचं त्याच्या स्वभावात, असा मुद्दा एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडला. २००६ मध्ये तोवरचे १७३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हा फरक सरसकट आढळला नाही. काही वाईट घडलेलं असलं की मात्र तो दिसला. म्हणजे नेमकं तुमच्यासारख्या प्रसंगात.

आता एक धोक्याची सूचना. तुमच्यासारखी माणसं बाजू बदलतात तीही एका झटक्यात. आज ‘सगळे वाईट’, उद्या ‘मीच नालायक’. दुसरं वाक्य ऐकायला नम्र वाटतं, पण माझ्या मते तीही पळवाटच आहे, कारण नालायक माणसाकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये दोष घेण्याचे दोन प्रकार वेगळे केले : आपल्या वागण्याला दोष देणं आणि आपल्या स्वभावालाच दोष देणं. ‘मी वही उघडली नाही’ हा पहिला प्रकार. वही पुढच्या महिन्यात उघडता येते. ‘मी आहेच असा’ म्हटलं की करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून एवढं करा. एक कागद घ्या. दोन्ही नोकऱ्या आणि तो व्यवसाय, प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं लिहा : मी काय केलं आणि मी काय करायचं टाळलं. वाक्याचा कर्ता ‘मी’ नसेल तर ते खोडा. पहिल्या खेपेला बरीच खाडाखोड होईल, होऊ दे. दुसऱ्या नोकरीपुढे एखादी जागा कोरीच राहिली तर राहू दे, ती भरण्यासाठी काही रचू नका.

आणि बायकोने हा प्रश्न नेमका आत्ताच का विचारला, याचा विचार केलात का? आता तुमचा भागीदार तिचा भाऊ आहे! वर्षा-दोन वर्षांनी तुमच्या पत्रातल्या यादीत त्याचंही नाव चढणार, ही भीती तिला वाटली तर नवल काय? तुमची बाजू तिला पटलेलीही असेल. तिला पुढचं दिसतंय.

तेव्हा माझं उत्तर तिला वाचायला देऊन माझ्या आडून बोलू नका. तो कागद घेऊन तिच्यासमोर बसा आणि मोठ्याने वाचून दाखवा. वाक्य संपल्यावर ‘पण त्यानेही...’ हे जोडू नका, ते फार जड जाणार आहे. ती काय म्हणते ते पूर्ण ऐका. मेहुण्याशी बोलणी त्यानंतर. कुणाचं काम काय, पैसे कुणी किती घालायचे, दर महिन्याच्या कुठल्या तारखेला दोघांनी मिळून हिशेब बघायचा, हे सगळं लेखी हवं. एखाद्या महिन्यात ती तारीख चुकली, तर आठवण करून देण्याचं काम तुमच्याकडे घ्या.