वाचकांचे प्रश्न : रस्त्यावरील मृत्यू शून्यावर आणणारे शहर

प्रश्न : फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे सलग वर्षभर रस्ते अपघातात एकही माणूस दगावला नाही, असे वाचनात आले. हे खरे आहे का? आणि खरे असल्यास ते तेथील लोकांच्या शिस्तीमुळेच घडले असणार. मग आपल्याकडे त्याची चर्चा करण्यात काय हशील?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : बातमी खरी आहे. जुलै २०२४ च्या सुरुवातीला शहराच्या पूर्वेकडील कोन्तुला भागात एक अपघाती मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या बारा महिन्यांत एकही झाला नाही. शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख ९० हजार आहे, तेव्हा ही काही आडबाजूच्या खेड्याची गोष्ट नव्हे.

शिस्तीबद्दल मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच हेलसिंकीत दरवर्षी तीसच्या आसपास माणसे रस्त्यावर मरत होती आणि माणसांना इजा झालेल्या अपघातांची संख्या हजाराच्या घरात होती. ती आता तीनशेच्या खाली आली आहे. तेथील माणूस तेव्हाही तोच होता. त्याच्या स्वभावात एवढी क्रांती झाली असे मानण्यापेक्षा, बदलले ते रस्ते आणि त्यांवरचा वेग, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. पन्नास वर्षांपूर्वी शहरातील बहुतेक रस्त्यांवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा होती. ती टप्प्याटप्प्याने उतरवत आणून आज निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० केलेली आहे.

वीस किलोमीटरने असा काय फरक पडतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, उभ्या असलेल्या रिक्षाच्या आडून एखादे मूल अचानक रस्त्यावर आले आणि त्या क्षणी गाडी त्याच्यापासून १४ मीटरवर आहे. ते दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध चालकाचाही सुमारे एक सेकंद जातो. ताशी ३० च्या वेगाने त्या सेकंदात गाडी ८ मीटर पुढे सरकते आणि रस्ता कोरडा असल्यास पुढच्या पाचएक मीटरमध्ये थांबते, म्हणजे मूल वाचते. ताशी ५० च्या वेगाने तोच चालक, तीच गाडी, तेच ब्रेक असूनही पहिल्या सेकंदातच १४ मीटर संपलेले असतात आणि धडक बसते ती जवळजवळ पूर्ण वेगाने. येथे कोणी बेशिस्त नव्हते; मूल मुलासारखे वागले आणि चालकाने करायचे ते सर्व केले.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले, त्याचा गाभा हाच आहे. माणूस चुकणार, हे गृहीत धरायचे आणि त्या चुकीची किंमत प्राणाने किंवा कायमच्या अपंगत्वाने मोजावी लागणार नाही असा रस्ता बांधायचा. त्यामुळे जबाबदारी वाहन चालवणाऱ्याबरोबरच रस्ता आखणाऱ्यावरही येते. हेलसिंकीने नुसत्या पाट्या बदलून काम भागवले नाही. गाडीच्या वाट्याचा रस्ता अरुंद केला, कडेला झाडे लावली, पादचारी आणि सायकलस्वारांची वाट वेगळी काढली, वेग टिपणारे कॅमेरे बसवले आणि ट्राम, मेट्रो व बस इतकी सोयीची ठेवली की मुळात गाडी काढण्याची गरजच कमी झाली. रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर ३० ची पाटी लावली तर ती कोणीही पाळणार नाही, मग तो फिनलंडचा असो की नाशिकचा.

एका वर्षाच्या शून्यात योगायोगाचाही वाटा असतो, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढील वर्षी तेथे दोन मृत्यू झाले, तर धोरण फसले असे ठरत नाही. पाहायचा तो अनेक दशकांचा उतार.

आपल्याकडेही अशा प्रयत्नांना यश येते. ‘शून्य मृत्यू’ हेच उद्दिष्ट ठेवून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर धोकादायक जागा शोधून कठडे, खुणा आणि तातडीच्या मदतीची व्यवस्था सुधारण्यात आली, तेव्हा २०१६ मधील १५१ मृत्यूंचा आकडा २०१९ मध्ये ९२ वर आला. शहरातील रस्त्यांसाठी कायदाही आड येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १९८-अ या कलमानुसार, रस्त्याची आखणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मरण पावला अथवा अपंग झाला, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चौकाचौकांत चालकांना शिस्तीचे धडे देणारे फलक लावण्याचा जेवढा उत्साह दिसतो, तेवढा या कलमाबाबत दिसत नाही.

प्रश्न : मृत्यू मोजता येतात, पण ‘गंभीर जखमी’ कोणाला म्हणायचे?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : मृत्यूचीही व्याख्या करावी लागते. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत दगावलेल्या व्यक्तीची गणना अपघाती मृत्यूत करण्याचा संकेत बहुतेक देश पाळतात. गंभीर इजेसाठी युरोपीय संघातील देश इजेच्या तीव्रतेची वैद्यकीय श्रेणी वापरतात आणि त्यासाठी रुग्णालयाच्या नोंदींचा आधार घेतात. आपल्याकडे पोलिसांची नोंद हाच मुख्य आधार असून, हाड मोडणे, दृष्टी जाणे यांसारख्या गोष्टी कायद्याने ‘गंभीर दुखापत’ ठरवल्या आहेत. अर्थात, जो जखमी पोलिसांपर्यंत पोहोचलाच नाही, तो आकड्यांतही येत नाही. गंमत म्हणजे बर्फावरून घसरून पडलेला पादचारी हेलसिंकीतही रस्ते अपघातात धरला जात नाही, कारण त्यात कोणत्याही वाहनाचा संबंध नसतो.

प्रश्न : आमच्या वसाहतीत नागरिकांनी स्वखर्चाने गतिरोधक टाकले तर चालतील का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. गतिरोधकासाठी परवानगी लागते आणि त्याचे मापही ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. ताशी २५ किलोमीटरने जाणारे वाहन त्यावरून विनात्रास जाते. हौसेने टाकलेला फूट-दीड फूट रुंदीचा डांबराचा ढीग दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाचे हाल करतो. महापालिकेकडे अर्ज करताना हे माप, आधीच्या सूचनाफलकाची जागा आणि पांढऱ्या पट्ट्यांची मागणी लेखी नमूद करावी, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.