सक्युलंटची (जाड, रसाळ पानांच्या झाडाची) खालची पानं पिवळी होऊन गळताहेत, पाणी वाढवू का?

नको. आधी तो तांब्या खाली ठेवा.

जळगावचा मे महिना, हॉलमध्ये दिवसभर कूलर, टीव्हीशेजारी कुंडी, दर दोन दिवसांनी अर्धा पेला पाणी आणि खालची पानं पिवळी, काचेसारखी होऊन हात लावताच गळतात, असं तुम्ही लिहिलंय. ही तहान नव्हे. तहानलेलं पान सुरकुततं, पातळ होतं, पण देठ सोडत नाही. तुमचं झाड पाण्याने सडतंय. (अगदी तळाचं एखादं पान कागदासारखं वाळून पडलं तर ते म्हातारपण, तिकडे लक्ष देऊ नका.)

मी धुळ्याची. माझं पहिलं सक्युलंट, एचेवेरिया नावाचं, असंच गेलं. बाहेर ४४ अंश, आई येता-जाता म्हणायची, "झाड सुकी राह्यनं, पानी दे ना त्याले!" मीही द्यायची. शेवटी उपटलं तर मुळांच्या जागी काळा लगदा आणि नासक्या बटाट्याचा वास. कुंडीत मी शेतातली काळी माती भरली होती. कपाशीला ती सोन्यासारखी, कारण ओल धरून ठेवते. तोच गुण इथे नडला.

ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणून पाणी फार थोडं उडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा उन्हात वापरतात. आपल्या दारातली पानफुटीही तशीच. तिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो, हे भारतात राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी टिपलं होतं, ते १८१५ साली छापूनही आलं. (चाखायला जाऊ नका, पानफुटी जास्त पोटात गेली तर विषारी आहे.) शिवाय कडक उन्हाळ्यात एचेवेरियासारखी झाडं जवळजवळ झोपतात. पाणी ओढत नाहीत आणि कूलरच्या दमट हवेत माती वाळत नाही.

म्हणून दिवस मोजू नका. झाडूची काडी तळापर्यंत खुपसा, ओली किंवा मातीला चिकटून निघाली तर पाणी नाही. कोरडी निघाली तर भोकातून वाहीपर्यंत द्या आणि बशीतलं ओतून टाका. कुंडीला भोक नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. जागा पूर्वेच्या खिडकीची. टीव्हीपाशी उजेड अपुरा, खोड लांबुडकं होऊन झाड वाकतं. पश्चिमेच्या काचेमागे मात्र एप्रिल-मेमध्ये पानं भाजतात.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कपाशीवाल्यांना ओळख करून द्यायला नको. स्पिरिटचा बोळा फिरवून पुसा.

आता आजचं काम. झाड कुंडीतून काढा, माती झटका, मऊ काळी मुळं कापून टाका. खोडही मऊ लागलं तर स्वच्छ ब्लेडने आडवा काप घ्या. काप आतून हिरवट-पांढरा हवा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी थोडं वर कापा, दया दाखवू नका. मग तीन-चार दिवस सावलीत कोरडं पडू द्या, काप सुकून खपली धरली की निम्मी भरड वाळू आणि विटांचा बारीक चुरा, निम्मी साधी माती अशा मिश्रणात लावा. त्यानंतरही आठवडाभर पाणी नाही. आणि घरात माझ्या आईसारखं कुणी असेल तर कुंडी त्यांच्या नजरेआड ठेवा.