रेघा आणि लंबगोलांचा सराव पेन्सिलऐवजी पेनानेच का करायचा?

तुम्ही बत्तिसाव्या वर्षी चित्रकला शिकायला घेतलीय, शिकवणारे रेघा, लंबगोल, ठोकळे सगळं पेनानेच काढायला लावतात, पानं वाया जातात, मग पेन्सिलने केलं तर काय बिघडलं, असा तुमचा प्रश्न आहे.

सरावापुरतं पेनच धरा. मी साताऱ्यात शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या. तेव्हा हातात कायम पेन्सिल आणि खोडरबर. परीक्षेला तेच लागतं, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण बऱ्याच वर्षांनी पुन्हा काढायला बसले तेव्हा लक्षात आलं, की माझी एक रेघ म्हणजे सात-आठ केसाळ तुकडे. थोडं ओढायचं, थांबायचं, चुकलं की पुसायचं. डोळा सारखा सावरून घ्यायचा आणि हाताला वळण लागायचंच नाही.

मग पेन घेतलं. पाठकोऱ्या कागदांवर दोन ठिपके द्यायचे आणि एका दमात जोडायचे, एवढंच. पानं बघवत नव्हती. पाचव्या दिवशी सगळी जमिनीवर मांडली, तर डावीकडून उजवीकडे गेलेली जवळजवळ प्रत्येक रेघ शेवटच्या बोटभरात खाली वाकलेली! मनगट कागदावर टेकवून ओढत होते ना, त्यामुळे हात कंपाससारखा फिरत होता आणि रेघेचा कंस होत होता. ही खोड शाळेपासूनची असणार. पण मी ती दरवेळी पुसून टाकत आले होते, मग दिसणार कुठून? मनगट आणि कोपर उचलून खांद्यातून हात हलवायला लागले, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत रेघा सरळ झाल्या.

ठिपक्यांची रांगोळी काढणारा सरावलेला हात आठवा. कुठून कुठे जायचं हे चिमूट सुटण्याआधीच ठरलेलं असतं. पेनाचंही तसंच करा. कागदाच्या जरा वर पेन धरून रेघ हवेतच दोन-तीनदा फिरवा, मग टेकवा आणि न थांबता ओढा. ठिपका ओलांडून पुढे गेली तरी चालेल, मध्येच वळवू मात्र नका. चुकलेली रेघ परत गिरवायची नाही, जाड होऊन चूकच आधी डोळ्यांत भरते. लंबगोल काढताना पेन न उचलता दोनदा फिरवा.

पेन साधं चालतं. मी ०.५ मिलिमीटर टोकाचं ड्रॉइंग पेन वापरते. ते दाबू नका, टोक बसतं. बॉलपेनही चालेल, फक्त हलक्या हाताने ओढलं की रेघ फिकी उमटते आणि घाबरत काढलेली रेघ त्यात लपते. फाउंटन पेनात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घालू नका, आत वाळून बसते. कागद झेरॉक्सचा, ७५ जीएसएमचा पुरे. पाठकोरे असतील तर उत्तमच. शेडिंग आणि मोठ्या चित्राची मांडणी पेन्सिलनेच करा, तिथे तिच्यासारखं दुसरं काही नाही.

सराव कुठे उपयोगी पडतो म्हणाल, तर साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर. अठराव्या शतकातली, अष्टकोनी. काठावर बसलं की तो अष्टकोन चपटा दिसतो आणि पलीकडच्या बाजू हमखास चुकतात. मी आधी एका झटक्यात लंबगोल काढला आणि त्यावर आठ कोपरे बसवले. दोन कोपरे सरकलेत, शाईत आहेत, तसेच राहिलेत. पुढच्या वेळी त्याच जागी बसून काढलं तेव्हा ते पान शेजारी ठेवलं होतं, आणि त्या दोन कोपऱ्यांशी हात आपोआप थांबला.

तेव्हा पानांवर तारीख घाला आणि निदान महिनाभर एकही रद्दीत देऊ नका.