सात पर्सेंटाइल पुरेत म्हणतात, मग आमच्या मुलीला सीट का नाही?

जानेवारी २०२६मध्ये नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, कटऑफ खाली आणल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात दादरला माझ्याकडे प्रवेशाचा सल्ला घ्यायला एक कुटुंब आलं. घर लालबागला. वडील बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आई शिवणकाम करते, मुलगी एमबीबीएस, इंटर्नशिप पूर्ण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि तिचं नाव मुद्दाम घेत नाही. नीट पीजी २०२५मध्ये तिचा रँक साठ हजारांच्या थोडा पुढे, खुला प्रवर्ग. प्रवेशाच्या दोन फेऱ्या उलटल्या होत्या आणि हातात काहीच नव्हतं.

वडिलांनी शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. उभी घडी घातलेलं, दोन बोटांच्या बेचक्यात धरलेलं, कंडक्टर नोटा धरतात तसं. ते टेबलावर पसरून म्हणाले, "मॅडम, हिशेब सरळ आहे. ओपनला आता सात पर्सेंटाइल पुरेत. आमच्या हिला चौऱ्याहत्तर आहेत. सातवाल्याला सीट आणि चौऱ्याहत्तरवाली घरी?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. फोन मांडीवर पालथा. तो दर दोन मिनिटांनी थरथरत होता आणि ती प्रत्येक वेळी दचकत होती.

हा प्रश्न या हंगामात मला इतक्या घरांतून आला की त्याचं उत्तर सविस्तर लिहावंसं वाटलं. कारण यात चूक त्या बापाची नाही. "कटऑफ" हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि घराघरांतली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

पहिला कटऑफ पात्रतेचा. ऑगस्टमध्ये निकाल लागला तेव्हा खुल्या प्रवर्गासाठी तो ५० पर्सेंटाइल होता, म्हणजे ८००पैकी २७६ गुण. जानेवारीत तो ७ पर्सेंटाइलवर आणला, १०३ गुण. एससी, एसटी आणि ओबीसीसाठी ४० पर्सेंटाइलवरून शून्यावर आला, म्हणजे गुण उणे ४०. इथे वडील अडले. "उणे चाळीस?" मी सांगितलं, प्रश्न २००, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा; त्यामुळे बेरीज शून्याखालीही जाऊ शकते. हे यंदाच घडलं असंही नाही. २०२३मध्ये सगळ्याच प्रवर्गांचा कटऑफ शून्य पर्सेंटाइल केला होता. २०२४च्या परीक्षेसाठी तो आधी खुल्या प्रवर्गाला १५ आणि राखीव प्रवर्गांना १० झाला, पुढे आणखी खाली आला. कारण दरवर्षी तेच. जागा रिकाम्या राहतात, त्यातही अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीसारख्या विषयांच्या जास्त.

दुसरा कटऑफ म्हणजे अमुक कॉलेजात, अमुक शाखेला, अमुक प्रवर्गातून, त्या फेरीत शेवटची जागा ज्या रँकला गेली तो आकडा. मुलं त्याला क्लोजिंग रँक म्हणतात. सीट देतो तो हा. पात्रतेचा कटऑफ खाली आला म्हणून कोणाचाही रँक वर सरकत नाही.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या मुलीला चौऱ्याहत्तर पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण चौऱ्याहत्तर जण तिच्या मागे. पण परीक्षेला बसले सव्वादोन लाखांहून जास्त. म्हणून पुढे साठ हजार उभे आहेत. नवे पात्र झालेले सगळे तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिच्या पुढचं कोणी हललं नाही."

ते बराच वेळ कात्रणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे रांग लांब झाली. बस तेवढीच."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

पण तिची अडचण मुळात कटऑफची नव्हतीच. मी तिच्याकडे पसंतीक्रमाची यादी मागितली. अखिल भारतीय कोट्याच्या आणि राज्याच्या, अशा दोन्ही नोंदणी तिने केल्या होत्या, दोन्हीकडे यादी एकच: केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर, शाखा फक्त मेडिसिन आणि पीडियाट्रिक्स. एकूण दहा ओळी. या दहाही ठिकाणी मागच्या वर्षीचे शेवटचे रँक तिच्या रँकच्या कितीतरी आधी थांबले होते. म्हणजे दोन फेऱ्यांत ती मैदानात होती कुठे?

"हे तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"माहीत होतं," ती पहिल्यांदाच बोलली. "पण बाहेरचं कॉलेज भरलं तर घरी सांगावं लागलं असतं की इथे मिळणार नाहीये."

आईने पदर तोंडाला लावला. मी दोघांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि तिला सरळ विचारलं की झोप किती लागते, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का. हा शेवटचा प्रश्न विचारायला पालक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, मरावंसं वाटत नाही, पण सकाळी उठावंसंही वाटत नाही. झोप चार तास. तिला मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करायला लावला; तिथे रात्री-अपरात्री मराठीतही बोलता येतं. डॉक्टर मुलांना हे सगळं दुसऱ्यांसाठी ठाऊक असतं, स्वतःसाठी नाही.

फोन सारखा कशाने वाजत होता तेही कळलं. कटऑफची बातमी आल्यापासून "सीट पक्की करून देतो" असं सांगणारे एजंट मागे लागले होते. एकाने दोन दिवसांत टोकन द्या म्हणून सांगितलं होतं आणि वडील लालबागची खोली गहाण ठेवायच्या विचारात होते. मी त्यांना आत बोलावून हात जोडले. सरकारी असो की अभिमत विद्यापीठ, जागा मिळते ती प्रवेशाच्या समुपदेशन फेरीतल्या ऑनलाइन वाटपातून, रँकप्रमाणे. कटऑफच्या नावाने पैसे मागणारा माणूस तुमच्या भीतीवर पोट भरतो, त्याला एक रुपया देऊ नका.

तिसऱ्या फेरीची यादी आम्ही पुढच्या भेटीत केली. वही, पेन्सिल आणि मागच्या वर्षीचे क्लोजिंग रँक. एकच अट ठेवली: प्रत्येक ओळीवर तिने मोठ्याने सांगायचं, "मिळालं तर जाईन" किंवा "नाही जाणार". तिसऱ्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर अनामत जप्त होते आणि घेतल्यावर सोडता येत नाही, त्यामुळे हा प्रश्न वाटपानंतर विचारून उपयोग नाही. केवळ रिकामं राहण्याच्या भीतीने तीन वर्षं कुठे अडकू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि आशेवर आशा लावत दुसरा, तिसरा ड्रॉप, म्हणजे पुन्हा परीक्षेसाठी वर्ष सोडणं, घेऊ नये, हेही तितकंच ठाम.

फार्माकॉलॉजी: "नाही." बायोकेमिस्ट्री: "नाही." डीएनबी फॅमिली मेडिसिन: "जाईन." वडील दचकले, डीएनबी म्हणजे कमी का? मी सांगितलं, एमबीबीएसनंतरचं तीन वर्षांचं डीएनबी एमडी-एमएसच्या बरोबरीचं धरतात.

मग पीएसएम आलं. सामाजिक आणि रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्र. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"ते कोणी घेत नाही, मॅडम."

"मी तुला विचारतेय."

ती थांबली. इंटर्नशिपमध्ये तिची पोस्टिंग धारावीच्या आरोग्य केंद्रात होती. टीबीची औषधं मध्येच सोडलेल्या एका बाईच्या घरी ती शिडी चढून जायची, पोटमाळ्यावर. बाई जरीकाम करायची, उजेड फक्त दिव्याचा, खिडकी नाही. पाचव्या खेपेला कळलं की गोळ्यांनी मळमळतं, मळमळलं की काम होत नाही आणि काम झालं नाही की मजुरी नाही. "मी गोळ्यांची वेळ रात्रीची करून घेतली," ती म्हणाली. "त्यानंतर तिने कोर्स पूर्ण केला." हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा लागला.

पीएसएमपुढे तिने "जाईन" लिहिलं. फॅमिली मेडिसिनच्या खाली, पण लिहिलं. यादी दहा ओळींवरून त्रेपन्नवर गेली, त्यात यवतमाळ होतं, मिरज होतं, अकोला होतं.

वडील इतका वेळ गप्प होते. उठताना त्यांनी कात्रण उचललं नाही. मुलीला म्हणाले, "त्या बाईचं तू घरी कधी बोलली नाहीस."

"तुम्ही रोज रँकच विचारायचात, बाबा."

फेब्रुवारीत तिचा फोन आला. विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात पीएसएम मिळालं होतं आणि ती निघाली होती. मागून वडिलांचा आवाज येत होता, दादरहून कुठली गाडी बरी पडेल आणि तिकडे उन्हाळा फार कडक असतो, कूलर तिथेच घ्यावा का इथून न्यावा, हे ते कोणाला तरी विचारत होते.