वाचकांचे प्रश्न : बिगुलांच्या गर्दीत ध्वनिमुद्रित निवेदन

प्रश्न : मुलगी इथे शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये आहे, म्हणून ऑगस्टमध्ये तिच्याबरोबर ड्रम कोअरची, म्हणजे बिगुल-ढोलांच्या संचलन पथकांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी पाहिली. मध्येच स्पीकरवरून कुणीतरी बोलत होतं, पण माइकसमोर कोणी दिसलं नाही. हे नियमात बसतं का? आवाज सोडतं कोण? (एक पालक, इंडियानापोलिस)

उत्तर : बसतं. ही स्पर्धा घेणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनलने 2004च्या हंगामापासून माइक-स्पीकरला आणि 2009पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी दिली. सुरुवातीच्या वर्षांत पथकातलाच कोणीतरी माइकवर उभा राहून बोलायचा. आता बहुतेकदा पिटमधला, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला मारिंबा-व्हायब्राफोन या काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्यांच्या रांगेत बसणारा सिंथवादक (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवणारा) कळ दाबतो आणि लॅपटॉपमधलं वाक्य वाजतं. मात्र एक कळ दाबून आधीच रचून ठेवलेलं संगीत सुरू करून द्यायचं, हे चालत नाही. सूर एकेक करून हातानेच वाजवावे लागतात.

निवेदनाला वेगळे गुण नसतात. 100पैकी 40 गुण एकूण परिणामाचे, त्यातच ते मोजलं जातं. बोलणं अति झालं की प्रेक्षक वैतागतात. 2006 ते 2008 या काळातल्या कॅडेट्स या पथकाच्या निवेदनाने भरलेल्या कार्यक्रमांवरून झालेला वाद जुने रसिक अजून उकरून काढतात. आमचं मत विचाराल तर त्यांची तक्रार रास्त होती. संगीत जे सांगतंच आहे तेच पुन्हा शब्दांत कशाला सांगायचं?

प्रश्न : शाळेच्या बँडचं 8 मिनिटांचं मैदानी सादरीकरण बसवतो आहोत. निवेदन एका सलग फाईलमध्ये रेकॉर्ड केलं आहे. सरावात सुरुवात जुळते, पण शेवटची वाक्यं ढोलात बुडतात. आवाज वाढवला तर नुसता गोंगाट वाढतो. (एक बँडशिक्षक, पुणे)

उत्तर : घोळ त्या सलग फाईलमध्येच आहे. वाजवणारी मुलं उत्साहात पुढे सरकतात, रेकॉर्डिंग सरकत नाही. मिनिटाला 160 ठोक्यांच्या लयीत 64 ठोके 24 सेकंदांत होतात. लय 164 झाली की तेच 23.4 सेकंदांत. एवढ्यातच दीडेक ठोक्याचा फरक पडला. 8 मिनिटांत तो साठत जातो आणि शांत जागेसाठी लिहिलेलं वाक्य नेमकं ढोलांच्या दणक्यावर येऊन पडतं.

म्हणून फाईल कापा. एक तुकडा 3 ते 5 सेकंदांचा, एका श्वासात बोलता येईल एवढा. प्रत्येक तुकड्याला वेगळी कळ, आणि कळींचा क्रम डावीकडून उजवीकडे. दोन तुकड्यांत निदान दोन ठोके मोकळे ठेवा, म्हणजे टाळ्या आल्या तर वादकाला थांबायला जागा मिळते. एमपी3 नको, डब्ल्यूएव्ही ठेवा. एमपी3च्या सुरुवातीला शांततेची बारीक फट शिरते आणि कळ दाबल्यावर शब्द उशिरा निघतो. तुकड्याच्या तोंडाशी असलेली रिकामी जागाही छाटून टाका.

कळ कुणाकडे बघून दाबायची, इथे बरेच जण चुकतात. अमेरिकन फुटबॉलचं मैदान सुमारे 49 मीटर रुंद असतं. मागच्या कडेला वाजलेला ढोल पुढे पोचायला साधारण 0.14 सेकंद लागतात, म्हणजे 160च्या लयीत एक तृतीयांश ठोक्याहून जास्त. कळवाल्याने ड्रम मेजरचे, म्हणजे पुढे उभं राहून हातांनी लय देणाऱ्याचे, हात बघून कळ दाबली, तर पुढच्या स्पीकरमधला शब्द ढोलाच्या आधी प्रेक्षकांपर्यंत जातो. म्हणून पिट हातांपेक्षा मागून येणाऱ्या ढोलांवर कान ठेवतो. तुमचं मैदान लहान असेल, पण ढोल मागे आणि स्पीकर पुढे असतील तर हिशेब हाच.

आता बुडण्याबद्दल. पितळी वाद्यं जोरात असताना त्यांच्यावर आवाज चढवायला जाऊ नका, ती लढाई जिंकता येत नाही. लांबवलेला हळू सूर, नुसता मारिंबा किंवा पूर्ण शांतता अशा जागी वाक्य ठेवा. वेग सेकंदाला दोन शब्दांच्या वर नको. मिक्सरवर 120 हर्ट्झच्या खालचं कापा, 300च्या आसपास थोडं उतरवा, 3000च्या आसपास 3 डेसिबल चढवा. व्यंजनं तिथेच उमटतात.

शब्दही तपासा. जोडाक्षरांचे लांब शब्द मैदानात विरघळतात. ‘क्षितिजावर प्रकाश प्रस्फुटित झाला’ यातलं शेवटच्या रांगेत फारसं काही पोचत नाही. ‘उजाडलं’ मात्र पोचतं. संहिता न वाचलेल्या दोघांना सर्वांत वरच्या पायरीवर बसवा, ऐकू येईल ते कागदावर लिहून घ्यायला सांगा. दोघांचा जो शब्द चुकेल तो बदला. तुम्हाला स्वतःला सगळं ऐकू येतं, कारण ते तुम्हाला पाठ आहे.

प्रश्न : मग माइकवर प्रत्यक्षच बोललेलं बरं नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बोलणाऱ्याला फक्त बोलायचंच असेल, तर हो. प्रत्यक्ष आवाज टाळ्यांसाठी थांबतो, लयीबरोबर सरकतो. पण धावत येऊन बोलणाऱ्याचा श्वास माइकमध्ये येतो, वारा येतो आणि शेजारची झांज तर शब्दांपेक्षा मोठी येते. ध्वनिमुद्रित आवाज स्वच्छ असतो. तो घरी कपड्यांच्या कपाटासमोर मागे गोधड्या टांगून, माइक तोंडापासून वीतभर लांब पण किंचित बाजूला ठेवून नीट मिळतो. प्रसिद्ध भाषणाचा तुकडा उचलणार असाल तर आधी हक्कांची परवानगी काढा, नाहीतर व्हिडिओत तेवढा भाग मुका करायची वेळ येते.

प्रश्न : ऐन वेळी लॅपटॉप बंद पडला तर? (तेच बँडशिक्षक)

उत्तर : बहुधा तो बंद पडत नाही, झोपी जातो किंवा तापतो. स्लीप, वाय-फाय आणि सूचना बंद करा. उन्हात उघडा ठेवू नका, वर छत्री धरा, पण पंख्याची जाळी झाकू नका. तेच तुकडे दुसऱ्या लॅपटॉपवर भरून त्याची वायर मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला आधीच जोडून ठेवा. लॅपटॉपला बॅटरी असते, मिक्सरला नसते, तेव्हा यूपीएस हवाच. आणि सादरीकरणाआधी पहिली कळ दाबून बघताना मुख्य आवाज बंद आहे ना, तेवढं पाहा.