मामेभावाचा चेक आणि 1865 चा कायदा

अमळनेर तालुक्यातून एका कापूस उत्पादकाचं पत्र आलंय. अशीच पत्रं पारोळा आणि चोपड्याहूनही आली, म्हणून सगळ्यांना मिळून उत्तर देतो.

या गृहस्थांनी मामेभावाला जून 2023 मध्ये ठिबकसाठी 90,000 रुपये दिले. पुढे मार्च 2025 मध्ये कापसाच्या पट्टीतून आणखी दीड लाख दिले. हे दीड लाख मोबाइलवरच्या 'मतांच्या बाजारा'साठी होते: अमुक संघ जिंकेल का, तमुक पक्षाला इतक्या जागा मिळतील का, 'हो' सहा रुपयांना, 'नाही' चार रुपयांना, आणि बरोबर ठरला त्याला दहा. पैसे बुडाले, ॲपही बंद पडलं. भावाने 2,40,000 चा एकच चेक दिला, तो खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. आता चेकची केस लावून सगळे पैसे मिळतील का, हा प्रश्न आहे.

चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, हे तुम्हाला गावातल्या कुणीही सांगितलं असेल. तुमचं घोडं तिथे अडत नाही. ते अडतं तुम्हीच पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर: 'ॲपात टाक, नफ्यात निम्मे माझे.' भाऊ, एवढं लिहून ठेवायची काय घाई होती?

चेक न वटण्याबद्दलच्या कलम 138 खाली गुन्हा व्हायला चेक कायद्याने वसूल होण्याजोग्या देण्यापोटी दिलेला असावा लागतो. देणं आहे असं न्यायालय सुरुवातीला गृहीत धरतं, हे खरं. पण ते खोडायला भावाला फार काही करावं लागणार नाही, तुमचाच मेसेज दाखवला की पुरे. कारण 1865 चा मुंबईचा तिसरा अधिनियम. पैजेचा करार रद्दबातल हे 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सगळ्या देशाला सांगतं. 1959 मध्ये घेरूलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असा करार रद्दबातल असला तरी बेकायदा नाही, म्हणून त्याला जोडून झालेले बाकीचे करार टिकू शकतात. कोलकात्याकडच्या भावाला दिले असते तर कदाचित वाद घालता आला असता. पण खानदेश जुन्या मुंबई इलाख्यातला, आणि इथला कायदा एक पाऊल पुढे जातो: पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला करारही रद्द, त्यासाठी घेतलेलं तारणही रद्द, आणि त्या पैशासाठी दावाही चालत नाही. सगळं त्या 'जाणूनबुजून'वर येतं. तुम्हाला माहीत होतं, आणि ते तुम्ही लिहून दिलंत.

त्यामुळे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा ऑगस्ट 2025 चा कायदा आपल्या व्यवहारानंतर आला म्हणून सुटलो, हा हिशेब चुकीचा आहे. तुम्हाला अडवणारा कायदा 160 वर्षांचा आहे. नव्या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण 'निम्मा नफा' घेणाऱ्याकडे पोलीस कसं बघतील, त्याची हमी मी देत नाही. त्या कायद्याला दिलेली आव्हानं सर्वोच्च न्यायालयात आहेत, तिथे कधी काय ठरेल यावर मी तरी पैज लावणार नाही.

पत्रात दोन पानं खर्चून तुम्ही लिहिलंय की हा जुगार नव्हे, लोकांचं सामूहिक शहाणपण आहे. इंग्रज शास्त्रज्ञ गॅल्टनचा बैल मलाही ठाऊक आहे. 1906 साली प्लिमथच्या जत्रेत बैलाच्या मांसाचं वजन ओळखायला लोकांनी सहा-सहा पेनी भरल्या. 787 चिठ्ठ्यांतला मधला अंदाज 1,207 पौंड निघाला, खरं वजन 1,198. छान. पण तिथे प्रत्येकाने आपापली चिठ्ठी भरली होती. तुमचा भाऊ ग्रुपवरच्या टिपा बघून 'हो' दाबत होता. आणि पैसे लावणारी गर्दीही चुकते: 3 जून 2024 ला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला आणि दुसऱ्या दिवशी लोकसभेचा निकाल लागताना जवळपास 4,400 नी आपटला. तसंही न्यायालय अंदाज किती बरोबर आला हे विचारत नाही. अनिश्चित घटनेवर एकाचं जाऊन दुसऱ्याचं होत असेल, तर ती पैज. कापसाचा वायदाही तसाच, असं म्हणाल. तो मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर होतो आणि कायद्याने त्याला वेगळं संरक्षण दिलंय. तुमच्या ॲपसारख्यांबद्दल शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने एप्रिल 2025 मध्येच जाहीर केलं होतं की असे बाजार आपल्या अखत्यारीत येत नाहीत.

आता वाचण्यासारखं जे आहे ते: ठिबकचे 90,000. हे साधं हातउसनं आहे. पण दिल्यापासून तीन वर्षांत दावा लागतो, म्हणजे जून 2026 पर्यंतच. दोन्ही रकमा एकाच चेकात कोंबून तुम्ही चांगलं देणं वाईटाला बांधलंत. तो चेक फौजदारीत कितपत टिकेल, मला शंका आहे. म्हणून भावाकडून फक्त 90,000 चं, तारखेसह, सहीचं वेगळं कबुलीपत्र घ्या. मुदतीच्या आत सही झाली तर तीन वर्षं नव्याने मोजली जातील. सही देत नसेल तर जूनची वाट न बघता दिवाणी दावा टाका. दीड लाखासाठी नवी चिठ्ठी लिहून घेऊ नका, तिलाही हाच कायदा लागेल. ते मामांना मध्ये बसवून जितके सुटतील तितके सोडवा.

आणि मेसेज खोडू नका. तो भावाच्या फोनमध्येही आहे, आणि शपथपत्रावर खोटं लिहून तुम्ही फिर्यादीचे आरोपी व्हाल. त्यापेक्षा 2023 चं ठिबकचं बिल आणि त्या दिवसाची पासबुकातली नोंद शोधा. रोख दिले असतील तर ते कुणासमोर दिले, ते आजच लिहून ठेवा.