पाहणीतील माणसे हरवू नयेत म्हणून : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांची पाहणी आम्ही पाच वर्षे करणार आहोत. मुलाखतीचे मानधन देणारच आहोत; मग मधल्या काळात केवळ संपर्कासाठी वेगळे पैसे का द्यावेत?

उत्तर : कारण कुटुंबे हातची जातात ती बहुधा दोन मुलाखतींच्या मधल्या काळात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची कौटुंबिक उत्पन्नाची पाहणी १९६८ मध्ये सुमारे ५,००० कुटुंबांपासून सुरू झाली; १९९७ पर्यंत ती दरवर्षी होत असे, नंतर वर्षाआड होऊ लागली. तेथे दोन फेऱ्यांच्या दरम्यान टपालाने पत्रक पाठवून पत्ता आणि फोन तपासून घेतात व ते भरून परत पाठवणाऱ्याला १० डॉलर देतात. रक्कम लहान वाटते, परंतु स्थलांतर केलेले एक घर शोधायला सर्वेक्षकाला पुन्हा पाठवणे याहून कितीतरी महाग पडते.

आपल्याकडे पत्रकाचा उपयोग होणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्यापूर्वी एकदा आणि त्या परतल्यावर एकदा, असे दोन संपर्क ठरवा आणि दोन्ही वेळा थोडी रक्कम द्या. निघण्यापूर्वी कारखान्याचे नाव, गावात मागे राहणाऱ्या आजी-आजोबांचा नंबर आणि किराणा दुकानदाराचा नंबर टिपून घ्या. मात्र त्या व्यक्तींना तुमची ओळख कितपत सांगायची, हे कुटुंबालाच विचारा. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या हातून पैसे कधीही देऊ नका. ते उचलीत, म्हणजे मजुरांनी आगाऊ घेतलेल्या रकमेत, वळते होण्याची भीती असतेच, शिवाय ही पाहणी मुकादमाची आहे असा समज एकदा झाला की मजुरीबद्दल खरे उत्तर मिळणे कठीण होते.

प्रश्न : रोख द्यावे, मोबाइलचे रिचार्ज द्यावे की भेटवस्तू? आणि आधी द्यावे की नंतर?

उत्तर : या विषयावरील प्रयोग मुख्यतः अमेरिका आणि युरोपातील आहेत; त्यांत वस्तूपेक्षा रोख रक्कम आणि नंतरच्या आश्वासनापेक्षा आधी हातात दिलेली रक्कम सामान्यतः अधिक परिणामकारक ठरली आहे. आधी दिलेल्या रकमेतून आपला विश्वास दिसतो, आणि माणसे त्या विश्वासाला जागतात.

रिचार्जबाबत मात्र सावध राहा. एका पाहणीत आम्ही स्त्रियांच्या मुलाखतीनंतर नोंदवलेल्या नंबरवर रिचार्ज टाकत होतो. पुढच्या भेटीत एका बाईंनी स्वच्छ सांगितले, ‘‘फोन पोराचा आहे, पैसे त्याला मिळाले. तास माझा गेला.’’ तेव्हापासून, फोन कोणाच्या खिशात असतो हा प्रश्न आम्ही मुलाखतीतच विचारतो आणि फोन दुसऱ्याचा असेल तर रक्कम तिच्याच हातात ठेवतो.

प्रश्न : हे आमिष दाखवण्यासारखे नाही का?

उत्तर : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्यास परवानगी देतात, मात्र रकमेच्या मोहाने माणूस नको असलेला धोका पत्करेल, असे होऊ देऊ नये. रक्कम संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिसमितीकडून आधी मंजूर करून घ्या. सहभागीने मधेच नकार दिला तरी दिलेले पैसे परत मागू नका.

प्रश्न : आमच्याकडे पैसेच नाहीत. काय करावे?

उत्तर : मग माणूस टिकवा, म्हणजे सर्वेक्षक. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सुरू केलेल्या ग्रामपातळीवरील अभ्यासात सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण ही गावे होती. प्रत्येक गावातील ४० कुटुंबांची माहिती घेणारे अन्वेषक गावातच मुक्कामाला असत आणि त्याच घरांत वर्षभर पुन्हा पुन्हा जात. घर ओळखीचे झाले की कोणाचा मुलगा पुण्याला गेला, कोणाची वाटणी झाली, हे विचारावे लागत नाही.

सर्वेक्षक दर फेरीला बदलत असेल, तर पैसे असूनही ही ओळख मिळत नाही. कुटुंबे कोठे अधिक निसटतात, हेही पाहा. भारतीय मानव विकास सर्वेक्षण या देशव्यापी पाहणीने २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या आणि २०११-१२ मध्ये त्यांपैकी सुमारे ८३ टक्के कुटुंबांना पुन्हा गाठले. गळती शहरांत अधिक होती. तुमच्या यादीत भाड्याने राहणारी कुटुंबे असतील, तर उपलब्ध वेळ आणि पैसा आधी त्यांच्यावर खर्च करा आणि घरमालकाचा नंबर, कुटुंबाला विचारून, पहिल्याच भेटीत लिहून घ्या.